धाव ढिली झाली

सूर्यभाननं एका हातानं कागद दगडी कमळावर दाबला आणि दुसऱ्या हातानं त्यावर कोळसा घासायला लागला. नरनाळ्याच्या किल्ल्यात महाकाली दरवाजावर अशी कमळं बरीच होती, पण हाताला येईल असं एकच, आणि त्यालाही टाचा उंच कराव्या लागत होत्या. आधी कागदावर नुसता काळा डाग उठला. मग एकेक पाकळी बाहेर आली.

कागदाची सुरळी करून त्यानं ती फेट्यात खोचली आणि दोन चाकांच्या पायगाडीकडं वळला. ती इथवर चढवताना त्याचा दम निघाला होता. चढाला ती चालत नाही, ढकलावी लागते, आणि वजन चांगलं मणभर. तरी चाक दरवाजाच्या दगडाला लागलं पाहिजे, असं ठरलं होतं. त्यानं ते लावलं. मग हातोडी काढून पुढच्या चाकाच्या धावेवर एक टोला हाणला.

टण्.

धाव म्हणजे चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी. लाकडावर घट्ट बसलेली असली की ती घंटेसारखी बोलते, लाकूड सुकून ढिली झाली की ठप्प वाजते; मग चाक पाण्यात घालून लाकूड फुगवावं लागतं. सूर्यभान एकटाच हसला. हे चाक त्यानं बनवलं होतं.

पायगाडी तशी विलायतेची. अकोल्यातल्या एका कापूस दाबायच्या कारखान्याच्या साहेबानं ती बोटीनं, मग रेल्वेनं मागवली होती. तो तिला व्हेलोसिपीड म्हणे. बाजारात तिचं 'वेलशिपाई' झालं. पहिल्याच उन्हाळ्यात तिचं पुढचं चाक सुकलं, धाव निसटली आणि गडगडत थेट कासाराच्या बांगड्यांत शिरली. साहेब चाक काखेत मारून सुतारआळीत आला. सूर्यभाननं बाभळीचं नवं करून दिलं, आणि मग गावातल्या असदगडाच्या भिंतीमागं तीन आठवडे पडून-झडून तो गाडी चालवायलाही शिकला.

आता साहेब कायमचा विलायतेला निघाला होता, रविवारच्या गाडीनं. निघताना त्यानं सांगून टाकलं. गाडीवर नरनाळ्याला जा, तिचं चाक दरवाजाला लाव आणि दरवाजावरचं फूल कागदावर घेऊन ये. शनिवारी दिवा लागायच्या आत आलास तर गाडी तुझी. नाही आलास तर ती खोक्यात. खोकं तयारच होतं. त्यात गवतसुद्धा पसरून ठेवलं होतं.

बुधवारी सूर्यभान निघाला. कापसाला भाव आणणारी अमेरिकेतली लढाई संपून चार वर्षं झाली होती, तरी अकोटच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्या संपत नव्हत्या. बैल पायगाडीला बुजत आणि गाडीवान शिव्या देत. एकानं विचारलं, तुझे बैल कोणी सोडून नेले? चोहोट्ट्याच्या पारावर एका म्हाताऱ्यानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला,

"चाकं आजूबाजूले लावायची सोडून मागंपुढं काहून लावली बाप्पा? सुतार हायेस ना तू?"

सगळा पार हसला. सूर्यभानचे कान तापले. पुढचं कोसभर तो त्या म्हाताऱ्याला मनातल्या मनात उत्तरं देत राहिला, आणि त्या नादात एका नाल्यात पडला.

आज शुक्रवार होता. गड उतरताना त्यानं पाय वरच्या दांड्यांवर टेकवले आणि गाडी सोडून दिली. साग उघडे पडले होते, मधेमधे पळस पेटला होता. वानरं आधी ओरडली, मग गप्प झाली. मूठ पिळली की दोरी ताणून लाकडी ठोकळा मागच्या चाकाला घासायचा. वळणावर त्या ठोकळ्यातून धूर निघाला. सूर्यभान कशासाठी ओरडत होता, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

डोंगर संपतो तिथंच पोपटखेड. तिथं त्याची थोरली बहीण पार्बता राहायची. सकाळी वर जाताना तो तिच्या दारात उभ्यानं पाणी प्याला होता आणि येताना जेवतो म्हणाला होता. आता जेवून निघालं की रात्री अकोट, उद्या दुपारी अकोला. सगळं ठरलेलं होतं.

अंगणात गोवऱ्यांचा धूर होता. पार्बतानं निखाऱ्यांत रोडगे लावले होते; कणकेचे ते जाड गोळे भाजायला वेळ लागतो.

"रोडगे काहून लावले?" सूर्यभान म्हणाला. "भाकर दे ना. मले जायचं हाये."

"बस तं खरं. हातपाय धू."

तिचा नवरा पुंजाराम जू तासत बसला होता. त्यानं पायगाडीकडं बघून विचारलं, "साळेबुवा, याले कडबा टाकू का ढेप?"

सूर्यभान हसला नाही. रोडगे भाजेपर्यंत घटकाभर टेकतो म्हणून खाटेवर आडवा झाला आणि झोपला.

जागा झाला तेव्हा ऊन लिंबापलीकडं गेलं होतं. पायगाडी मान खाली घालून जमिनीला टेकलेली. पुढचं चाक नव्हतं.

"चाक कोठं हाये?"

"डोहात," पार्बता म्हणाली. ती राखेतून रोडगे काढून फडक्यानं झटकत होती. "धाव ढिली झाली होती. भिजत घातलं."

"ढिली? मी वर दरवाजात वाजवून पाह्यली."

"वर थंडाई असते. खाली येता येता तापली."

"अक्का, मले ऐकू येते."

"ऐकायले शिकवलं कोणं?"

शिकवलं तिनंच होतं. आई गेली तेव्हा तो तीन वर्षांचा होता. बापाच्या कारखान्यात पार्बता त्याचे डोळे झाकायची, दोन चाकांवर टोले मारायची आणि विचारायची, घट्ट कोणतं? तो चुकायचा. ती कधीच चुकली नव्हती. सुतारआळीतले जाणते लोकही धाव चढवली की तिला बोलवायचे.

त्यानं पंचा खाटेवर आपटला आणि तणतणत नदीवर गेला. डोहाच्या काठाला चाक बुडालेलं होतं, वर एक धोंडा ठेवलेला. तो गुडघाभर पाण्यात उतरला. हातोडी उगारली आणि तशीच खाली घेतली. आता तर ते घट्टच बोलणार. भिजलेल्या चाकाला विचारून काय होणार होतं? पुंजाराम मागून येऊन काठावर उभा राहिला.

"काढतो अन् जातो," सूर्यभान म्हणाला.

"जाय ना. अर्धं भिजलेलं चाक उन्हात नेलं तं आरे वाकडे होतात, असं मले अकोल्याच्या एका सुतारानं सांगतलं होतं. रातभर ठेवा म्हणे."

तो सुतार सूर्यभानच. तो पाण्यातून बाहेर आला.

पहाटे निघालं तरी उद्याचा सगळा रस्ता एका दमात मारावा लागणार होता. एक जरी चाक, एक जरी खिळा रुसला तर गाडी खोक्यात. तो अंगणात येरझाऱ्या घालत राहिला. पार्बताची कौशल्या, पाच वर्षांची, बिनचाकाच्या पायगाडीवर चढून बसली होती आणि त्याला निरखत होती.

"तू मामा हायेस?"

"मंग कोण?"

"मामा तं उभ्यानं पाणी पेते," ती म्हणाली. "माय सांगे."

चुलीपाशी पार्बताच्या हातातली पळी थांबली. पुंजारामनं जू उलटं करून दुसऱ्या बाजूनं तासायला घेतलं. सूर्यभाननं हिशेब लावून पाहिला. इथं रात्र काढून सहा वर्षं झाली होती. कापसाला भाव आला तसा गाड्यांना भाव आला होता आणि त्याच्या हाताला उसंत नव्हती. कौशल्याच्या बारशाला तो कोणाच्या तरी रिकाम्या गाडीवर आला होता आणि गाडी भरून होताच त्याच गाडीवर परत गेला होता.

त्यानं माठातून तांब्या भरला, ओट्यावर मांडी घालून बसला आणि सावकाश पाणी प्याला. कौशल्यानं मान वाकडी करून ते पूर्ण पाहिलं.

मग रोडग्यांचं आणि वांग्याच्या भाजीचं जेवण झालं. पुंजारामनं त्याला तीनदा आग्रह केला आणि चौथ्यांदा न विचारता वाढलं. पारावरची माणसं पायगाडी बघायला आली. तिचं एकच चाक बघून ती म्हणाली, बरोबर आहे, विलायतेला एकच चाक लागत असेल. सूर्यभान इतका हसला की त्याला ठसका लागला.

पहाटे पुंजारामनं चाक आणलं. दोघांनी ते बसवलं. सूर्यभाननं टोला मारला.

टण्.

त्यानं पुन्हा मारला, डोळे मिटून. काल दरवाजात जसं बोललं होतं तसंच. तसूभरही फरक नाही. त्यानं डोळे उघडले. पार्बता पाठ करून फडक्यात रोडगे बांधत होती. एक गाठ मारून झाली होती, तिच्यावर ती दुसरी मारत होती.

"घट्ट बसली," तो म्हणाला.

"मंग," ती म्हणाली.

त्या दिवशी तो कसा गेला ते अकोटच्या रस्त्यावरच्या गाडीवानांना विचारावं. चोहोट्ट्याच्या पारावरून तो म्हातारा ओरडून काहीतरी म्हणाला, पण ऐकायला सूर्यभान थांबला नाही. पूर्णा नदी त्यानं गाडी खांद्यावर घेऊन ओलांडली. अकोल्यात शिरला तेव्हा सूर्य कधीच बुडाला होता.

साहेब बंगल्याच्या पायरीवर बसला होता. शेजारी खानसामा कंदील घेऊन उभा, हातातली काडी पेटलेली. फाटकात पायगाडी दिसताच साहेबानं वाकून फुंकर मारली. काडी विझली. खानसाम्यानं दुसरी काढली तर तिलाही फुंकर. दिवा अजून लागायचा आहे, असं तो मोडक्या हिंदुस्थानीत अगदी गंभीर तोंडानं म्हणाला. मग अंधारातच कागद डोळ्यांजवळ धरून त्यानं कमळ पाहिलं. खोक्यात दुसऱ्या दिवशी त्याची पुस्तकं गेली.

पाडवा झाल्यावर सूर्यभाननं सुतारआळीत सांगून टाकलं की आता अमरावतीवरून गाविलगड. दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती, त्यांना थांबा म्हणाला. लोक त्याला रेल्वेच्या फाटकापर्यंत पोचवायला आले. तिथून तो अमरावतीकडं गेला, निदान लोक दिसेनासे होईपर्यंत तरी.

तिसऱ्या दिवशी पुंजाराम लिंबाखाली आरे तासत होता. त्यानं मान वर केली.

"गाविलगड इकडं कधी आला, साळेबुवा?"

सूर्यभान उतरला. त्यानं गाडी खाली टेकवली, जमिनीवर मांडी घातली आणि पाना काढून पुढचं चाक सोडवायला लागला. पार्बता तांब्या घेऊन दारात आली आणि तिथंच थांबली. चाक हातात आल्यावर त्यानं ते उभं धरलं आणि धावेवर हातोडी मारली.

टण्.

आवाज अंगणभर घुमला. लिंबावरचे पोपट उडाले.

"ढिली झाली," सूर्यभान म्हणाला.

पार्बतानं मान कलती करून नीट ऐकलं.

"लयच," ती म्हणाली. "दोन राती तरी भिजू द्या लागते."