मंज्याची हाफपँट

आमच्या पुष्पाबाईच्या तोंडाला कुणीतरी पक्का टाका घाला! घरी कुणी पाहुणा आला की बाई पदर सावरून सुरू होते, "आमची मंजुळा लहानपणी नुसती आडदांड. कुणाचं म्हणून ऐकायची नाही." आणि हे माझ्या देखत! मी काय बहिरी आहे?

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे, हातानं फिरवायची. धुळ्याला देवपुरातल्या या घरात खिडकीखाली बसलेली असते. अंगावरची सोनेरी वेलबुट्टी पुसली, पण जाड कापड दिलं तरी माझी सुई अजून कचरत नाही. ओतीव लोखंडाची आहे मी, आजकालच्या पत्र्याची नव्हे. आधी मी सुपडू शिंप्याकडे राबले. मग पुष्पाबाईच्या वडिलांनी तिच्या लग्नात मला आंदण दिलं. नवरा लोटन पलटणीत. त्यांचं बिऱ्हाड सारखं हलायचं, आणि लाकडी पेटीत बसून मीही हलायचे.

सत्तेचाळीस साली आम्ही जबलपूरला होतो. लोटनभाऊ सरहद्दीवर गेले. सहा वर्षांच्या मंजुळाला घेऊन पुष्पाबाईला एकटीनं धुळ्याला यायचं होतं. दिवस वाईट होते. फलाटांवर घरदार सुटलेली माणसं बसलेली, कोण कसा ते कळायचं नाही. बाईनं कात्री घेतली, पोरीच्या दोन्ही वेण्या कापल्या आणि नवऱ्याच्या जुन्या पँटची हाफपँट शिवली. दोनदा शिवण चुकली, दोनदा तिनं ती उसवली, ते मला अजून आठवतं.

"कुणी विचारलं तर तू मंज्या," ती म्हणाली. "आईसोबत पुरुषमाणूस आहे, समजलं?"

तो सहा वर्षांचा पुरुषमाणूस माझ्या पेटीवर छाती काढून बसला. बिचाऱ्यानं चाळीसगावला गाडी बदलेपर्यंत डोळा मिटला नाही.

भीती सरली, हाफपँट मात्र राहिली. देवळाली, महू, अहमदनगर, जिथे गेलो तिथे लोटनभाऊंची विरलेली पँट माझ्या सुईखाली यायची. मंज्या पाणी भरायचा, रेशनच्या रांगेत उभा राहायचा, छपरावर चढून कौलं सारखी करायचा. शेजारच्या बायका म्हणायच्या, "पुष्पाबाई, पोरगा असावा तर असा!" बाई गालातल्या गालात हसायची. ही पोरगी आहे, हे सांगायला तिला नेहमी उशीर व्हायचा. कुठे सवंगडी जमले, जीव रमला, की बदलीचा हुकूम यायचा. मंजुळा रडायची नाही. पुरुषमाणसानं रडायचं नसतं, हे तिला कुणी शिकवलं ते मी वेगळं सांगायला नको.

छप्पन साली लोटनभाऊ पेन्शनवर आले आणि आम्ही देवपुरात स्थिर झालो. मंजुळा पंधरा वर्षांची. शाळेत पळण्यात तिचा हात कुणी धरेना. जळगावच्या शर्यतीसाठी शाळेनं तिचं नाव दिलं. कितीतरी वर्षांनी ती एका जागी राहणार होती, शिकणार होती. पुष्पाबाईनं हौसेनं नवी हाफपँट बेतली. ती माझ्या सुईखाली अर्धी शिवून झाली होती, तेवढ्यात सोनगीरहून भिकुबाई आली.

भिकुबाई लोटनभाऊंची थोरली बहीण. तिच्या शब्दापुढे या घरात कुणी जात नसे. मंजुळाकडे पाहून ती कडाडली, "ही पोर शे का पोऱ्या? सोयरासले काय तोंड दखाडशी, पुष्पा? हाई हाफपँट तूच शिवीसन देत व्हशी, तं तू जाण. पन पोरच ऐकत नसई, तं यंदाच लगीन करी टाक!"

एक वाक्य हवं होतं, मित्रांनो. "अक्का, मीच शिवते," एवढंच. पोरीची शाळा त्या वाक्यावर टांगलेली होती.

पुष्पाबाईनं पटकन चादर ओढली आणि मला त्या हाफपँटसकट झाकून टाकलं.

"मी कितलं सांगं, अक्का! ऐकसच नही ती."

मंजुळा दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "आई, मला मंज्या कुणी केलं?"

"पाहा अक्का, कशी उलट बोलस!"

त्याच उन्हाळ्यात रावेरकडच्या एका केळीवाल्या घरात तिचं लग्न लागलं. त्याआधी हाफपँट उसवून तिची पिशवी शिवायची ठरली. चाक मंजुळाच फिरवत होती. मी धागा तोडला. पुन्हा ओवला, पुन्हा तोडला. मशीनला याहून जास्त काय करता येणार?

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, ती माहेरी आली. अंगणातल्या निंबाला झोके बांधलेले, पोरी गाणी म्हणत होत्या. शेजारच्या सुमनबाईनं हाक मारली, "मंजुळा, ये ना माय झोक्यावर!"

"नको मावशी. पडेन मी," ती म्हणाली आणि पायरीवरच बसून राहिली.

पुष्पाबाई कौतुकानं म्हणाली, "पाह्यं का सुमनबाई? कितलं वळण लागनं पोरले!"

मित्रांनो, मला तेल घातलं नाही तरी चालेल, गंजेन एखाद वेळी. पण आपल्या हातानं घातलेला टाका दुसऱ्याच्या माथी मारू नका. माझं या घरात कोण ऐकतंय म्हणा! तरी मोठ्यानं सांगते.

पुष्पाबाई, इकडे बघ. पोरगी आडदांड नव्हती. तू भ्यालीस तेव्हा ती तुझा पोरगा झाली. ती भ्याली तेव्हा तुला तिची आई होता आलं नाही.