बिनआवाजाचा डबा

टण्ण.

दीपेशच्या बोटांतून निसटलेला स्क्रू खालच्या स्टीलच्या ताटात आपटला आणि ताटाच्या कडेकडेने गरगर फिरत राहिला. भारनियमनाची दुपार होती. वरचा पंखा बंद, शेजारचा टीव्ही बंद, वाटेवर चिटपाखरू नाही. त्या गप्प घरात तो एवढासा आवाज भांड्यांची अख्खी मांडणी कोसळल्यासारखा वाटला. दीपेशने जीभ चावली, पालथ्या पंजाखाली तो फिरता स्क्रू दाबून धरला आणि मान वळवून झोळीकडे पाहिलं.

तुळईला बांधलेली जुन्या लुगड्याची झोळी तशीच होती. आत वर्षाचं होत आलेलं पोर झोपलेलं, एक पाय झोळीबाहेर. पाय हललाही नाही.

"वाचलो," दीपेश नुसत्या ओठांनी म्हणाला.

अनिता भिंतीला टेकून सुपात तांदूळ निवडत होती. तिचा हात एका खड्यावर थांबला होता. झोळीकडे तिनेही पाहिलं होतं. पोर उठू नये म्हणून दीपेशने पाहिलं, आणि उठावं म्हणून अनिताने. तिने खडा उचलून बाजूला टाकला आणि सूप पुन्हा पाखडायला घेतलं, जरा जोरातच.

दीपेश वाशिंदच्या एका कारखान्यात फिटर होता. शुक्रवारची सुट्टी. गावातले बाकीचे पुरुष सुट्टीला पत्ते कुटत नाहीतर नदीवर मासे धरायला जात. याचं व्यसन म्हणजे तो डबा. कल्याणहून आणलेल्या जुन्या कॉम्प्युटरची ती लोखंडी पेटी. तो तिला कॅबिनेट म्हणायचा, बाकी घर डबाच म्हणायचं. आतल्या कॉम्प्युटरवर तो फारसं काही करत नसे. त्याचा जीव होता तो वरच्या पत्र्यात. कुठे भोक मोठं कर, कुठे कड वळव, कानस मार, रंग दे, रंग मनाला आला नाही की खरवडून परत दे. कुठल्याशा मासिकात परदेशातल्या पोरांनी घरी घडवलेल्या अशा पेट्यांचे फोटो त्याने पाहिले होते, तेव्हापासूनचं हे वेड. त्याची आई काशीबाई म्हणायची, "लोकं बायकोला दागिना घडवतात. आमचा डब्याला घडवतो."

धाकलू झाल्यावर मात्र डब्याचं काम वेगळ्याच वळणाला लागलं. धाकलू हे आजीचं लाडाचं नाव. बारशाचं नाव निराळं होतं. आत्याने पाळण्यात वाकून ते त्याच्या कानात सांगितलं होतं, कुर्रर्र केलं होतं, बायकांनी हसत तिच्या पाठीत धपाटे घातले होते. अनिताला ते आठवलं की वाटे, याला अजून कोणी याचं नाव सांगितलेलंच नाही.

तिला पहिल्यांदा कळलं ते गणपतीत. ढोल-ताशा अगदी दारातून गेला. मनस्वीने, थोरल्या लेकीने, दोन्ही कान दाबून धरले. खिडकीची काच थरथरली. कडेवरचं पोर तोंड उघडं टाकून झोपलेलं होतं. बायका म्हणाल्या, काय शांत पोर आहे गो तुझं. अनिता हसली. मग घरात कोणी नसलं की ती त्याच्या पाठीमागे जाऊन पातेल्यावर उलथनं हाणायची. पोर समोरच्या कावळ्याकडे बघत बसायचं. ती पुढे आली, तोंड दिसलं की खुदकन हसायचं.

त्याच दिवसांत कधीतरी दीपेशने डबा चालू केला. आतला पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायला लागला, आणि तिच्याकडे न बघता त्याने विचारलं होतं, "याच्या आवाजानं उठतो का गो तो?"

नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता.

"उठतो ना," ती म्हणाली. "दचकतो."

मग काय! दीपेशने आवाजाच्या पाठीच लागायचं ठरवलं. मागची जाळी कापून काढली, कारण वारा जाळीवर घासून शिटी घालतो. छोटा पंखा काढून मोठा बसवला. मोठा सावकाश फिरतो. तो मावावा म्हणून पत्र्याला नवं गोल भोक पाडलं आणि त्याची कड बोटाला लागणार नाही इतकी गुळगुळीत केली. सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून प्रत्येक स्क्रूखाली घातले. जुन्या स्लिपरचा तळ तासून पेटीच्या आतल्या अंगाला चिकटवला. कामावरून आला की चहा पिऊन तो डब्याला कान लावून बसायचा, वैद्याने नाडी बघावी तसा. अजून थोडा येतोय म्हणायचा. दर वेळी अनिता म्हणायची, हो, थोडा येतोय. तिच्या एका शब्दावर ते सगळं काम उभं होतं, आणि रोज त्यावर तो आणखी एक थर चढवत होता.

लसीचं निमित्त करून ती एकदा पोराला घेऊन शहापूरला गेली होती. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या, चिमटा वाजवल्यासारखा आवाज करणारं काहीतरी त्याच्या कानामागे धरलं. मग म्हणाले, मुंबईला मोठ्या इस्पितळात दाखवा, उशीर करू नका, पोराच्या बापाला घेऊन या. बरं म्हणून ती एसटीत बसली. पोर खिडकीच्या गजाला तोंड लावून बाहेर बघत होतं. आसनगाव येईस्तोवर तिने ठरवलं होतं की आज सांगायचं. वाशिंद आलं तेव्हा ठरलेलं उरलं नव्हतं.

कारण सांगायचं म्हटलं की त्या ग्रहणापर्यंत जावं लागत होतं.

सातवा लागला होता तिला. काशीबाई बहिणीकडे मुरबाडला निघाली होती, उंबऱ्यात थांबून तिने चार-चारदा बजावलं होतं की आज गिराण आहे, काही कापू नको, चिरू नको, पालथी पडू नको, एका जागी बसून राहा. अनिता बसलीही होती, ओच्यात तुळशीचं पान घेऊन. दीपेशचा नेमका तेव्हाच पत्रा कापायचा बेत. एका हाताने धरला की पत्रा हलत होता. तो म्हणाला होता, "धर गो जरा. गिराण आभाळात, पत्रा आपल्या घरात." त्याच्या बोलण्याचं तिला हसू आलं. तिने पत्रा पोटाशी धरला आणि त्याने हॅक्सॉ ओढला. पोटात पोर केवढ्याने उसळलं होतं! त्याने ऐकलेलं ते शेवटचं, असं आता तिला वाटायचं. त्या करकरण्याने आत काहीतरी तुटलं, आणि तुटताना पोराने तिला लाथ मारून सांगितलं होतं.

संध्याकाळी काशीबाई परत आली तेव्हा सुनेच्या पदराला लोखंडाचा कीस चमकत होता. "ह्ये काय गो?" तिने विचारलं. झाडताना लागला असेल, असं अनिता म्हणाली. म्हातारीने पुढे विचारलं नाही. मूल झालं तेव्हा मात्र तिने त्याचे ओठ पाहिले, बोटं मोजली, कानाच्या पाळ्या दोन्ही बाजूंनी चाचपल्या, आणि मग कुठे हात जोडले. आता ती रोज तेल लावताना त्याच्या कानाशी तोंड नेऊन गाणी म्हणायची. पोर तिच्या नथीशी खेळायचं.

एवढ्यात वरचा पंखा कुरकुरत फिरायला लागला. लाइट आली होती.

दीपेशने शेवटचा स्क्रू घट्ट केला, हात चड्डीला पुसले. "या सगळी इकडं," म्हणाला. मनस्वी उड्या मारत आली. पडवीत वाल सोलत बसलेली काशीबाई गुडघ्यावर हात टेकत उठून आत आली. त्याने वरचा पंखासुद्धा बंद केला आणि डब्याचं बटण दाबलं.

काहीच झालं नाही. समोरचा हिरवा ठिपका तेवढा पेटला. चौघंही कान देऊन उभी होती. बाहेर कुठेतरी गाय हंबरली, तेवढंच.

"चालू हाय का बंद?" काशीबाई म्हणाली.

"चालू हाय, आये."

"कायबी ऐकू येत नाय."

"तेच तर."

"एवढं वरीस घालवलंस आन् केलंस काय, तर चालू आसून बंद," म्हातारी म्हणाली. मग हसून पुन्हा आपल्या वालाकडे गेली.

अनिताने सूप उचलून भिंतीशी उभं केलं. दीपेश तिच्याकडे बघतच नव्हता. कपाटामागून त्याने जुन्या बेडशीटमध्ये गुंडाळलेलं काहीतरी काढलं. डब्याच्या एका अंगाचा दुसरा पत्रा होता तो, कारखान्यात बसून केलेला. मधोमध मोठी चौकोनी खिडकी कापून तिला गाड्यांच्या नंबरप्लेटवाल्याकडचं पारदर्शक प्लास्टिक बसवलेलं. डबा बंद करून त्याने तो पत्रा चढवला. डबा टेबलावरून उतरवून खाली फरशीवर ठेवला आणि पुन्हा चालू केला.

आत गणपतीच्या मखराची माळ होती. निळे, तांबडे दिवे पेटले. पंख्याच्या एका पात्याला त्याने लाल नेलपॉलिश लावलं होतं, तिचंच. फिरताना त्याचं लाल कडं होत होतं.

"टेबलावर ठेवा ना," अनिता म्हणाली. "खाली कशाला? धाकलू हात घालेल."

झोळीतला पाय हलला होता. पोर जागं होऊन झोळीत उठून बसू बघत होतं. दीपेशने त्याला उचलून डब्यापासून हातभर अंतरावर, पाठ करून बसवलं. मग स्वतः डब्याशी उकिडवा बसला. अनिताला वाटलं, आता हा हाक मारणार. हाक मारली की संपलं.

दीपेशने हाक मारली नाही. त्याने तळहात फरशीवर दोनदा आपटला. धप्, धप्.

फरशीवरच्या हाताला हादरा लागला तसा पोराने तो उचलून पाहिला आणि ते वळलं. दिवे दिसले. त्याच्या तोंडावर निळं तांबडं पसरलं आणि ते दोन्ही हातांनी त्या लाल कड्याकडे झेपावलं.

अनिता खाली बसली. त्याने शेवटची हाक कधी मारली होती, ते ती आठवून बघत होती. दारातून आला की "ओ धाकलुशेठ" म्हणायचा. थंडीत म्हणायचा का? आठवेना. मनस्वीसुद्धा आता खुळखुळा वाजवत नव्हती. पोराच्या डोळ्यांसमोर केसांची रिबीन हलवायची.

"कधीपासनं?" तिने विचारलं.

दीपेश पोराचा हात डब्याच्या खिडकीवरून हलकेच बाजूला करत होता. "ढोल गेला तेव्हाच वाटलं होतं."

"मग मला विचारलंत ते…"

"तू म्हणालीस, दचकतो." त्याने मान वर केली नाही. "म्हटलं, आईला जास्त कळतं. मी आपला आवाज कमी करत राह्यलो. कमी करतोय तोवर त्याला ऐकू येतोय, असं."

तिला मुंबईच्या इस्पितळाचं सांगायचं होतं. उशीर करू नका म्हणालेत, हे सांगायचं होतं. केवढे महिने गेले त्या ट्यूबच्या तुकड्यांत आणि स्लिपरच्या तळात.

"पत्रा धर म्हणून मीच बोललो होतो," दीपेश अगदी हळू म्हणाला, पडवीत ऐकू जाऊ नये असा. हसून ग्रहण उडवून लावणारा माणूस. "तू बसली होतीस नीट."

नाही म्हणायला हवं होतं तिने. ग्रहणाने असं काही होत नसतं, असं दोघांपैकी कोणीतरी म्हणायला हवं होतं. पडवीत वालाच्या शेंगा फुटत होत्या, एकेक. तिने पदर बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

मनस्वी मघापासून डब्याच्या दुसऱ्या अंगाला आडवी होऊन पत्र्याला कान लावून पडली होती. एक कान लावला, मग दुसरा. मग उठून आईजवळ आली आणि तिच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून भावाकडे बघत राहिली. तो हसत होता, दिव्यांशी, तोंडातून लाळ गाळत.

"आई," ती म्हणाली, "डब्यातला आवाज बाबांनी काढून कुठं ठेवलाय गो? तो धाकलूला दिला तर नाय का चालणार?"