काठगोदामच्या पुढे

आमच्या घरात प्रवासाची तयारी तिकिटापासून नाही, फोनपासून सुरू होते. बाबा झाशीच्या कंट्रोल ऑफिसात सेक्शन कंट्रोलर आहेत. खुर्चीत बसून, फोनवर बोलून गाड्या पुढे काढायच्या हे त्यांचं काम. घरातलं कुणी बाहेरगावी निघालं की वाटेतल्या प्रत्येक जंक्शनवर ते आपला माणूस उभा करतात. ग्वाल्हेरला कुणी चहा आणतं, आग्र्याला कुणी डबा, मथुरेला कुणी खिडकीतून नुसतं डोकावून "बिटिया, सब ठीक?" एवढं विचारून जातं. मी एम.एस्सी.ला सागरला होते, तेव्हा बीन्याला गाडी बदलताना एक टी.सी. मला न चुकता पोहे द्यायचे. त्यांचं नाव मला अजून माहीत नाही.

या रविवारी मात्र बाबांची गाडी काठगोदामला, जिथे रूळच संपतात तिथे, अडकली होती.

मला उत्तराखंडात, मुनस्यारीच्याही वर, जोहार खोऱ्यात जायचं होतं, दगडफुलांच्या पाहणीला. दगडफूल म्हणजे आई मसाल्यात घालते तेच. ते फूल नाही. बुरशी आणि शैवाल एकत्र राहून ते तयार होतं, झाडांच्या सालींवर, खडकांवर, अतिशय सावकाश. मसाल्यांसाठी ते किती ओरबाडलं जातं आणि किती परत येतं, हे मोजायला एक तुकडी पावसानंतर वर जाणार होती. त्यांना एक मदतनीस कमी पडत होता आणि त्यांनी मला विचारलं होतं. होकार आज संध्याकाळपर्यंत कळवायचा होता. नाही कळवला तर दुसरी मुलगी तयार होती.

"मुरादाबादला यज्ञेश्वर गार्ड आहे," बाबा म्हणाले. "काठगोदामचे स्टेशन मास्तर ओळखीचे. पण पुढे?"

"पुढे जीप."

"जीपवाला कोण?"

"जो असेल तो."

"हे काय उत्तर झालं, शमे?"

"पाठवायचं नसेल तर सरळ नाही म्हणा," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "सकाळपासून दोघांची येरझार चाललीय. मला पोछा मारू द्या."

पण बाबा नाही म्हणत नव्हते, हीच अडचण होती. नाही म्हणाले असते तर मी भांडले असते. ते फक्त खिडकीपाशी जायचे, फोनमधली नावं वरून खाली बघायचे आणि परत यायचे. मीही बसू शकत नव्हते. नकाशा उघडून काठगोदामपासूनचा रस्ता मोठा करून पाहत होते. वळणं इतकी जवळजवळ की रेघ थरथरल्यासारखी दिसायची. होकार मी स्वतः कळवू शकत होते, फोन हातातच होता. तरी मजकूर लिहायचे आणि पुसायचे. खिडकीतून डोकावणाऱ्या चेहऱ्यांशिवाय मी आजवर कुठेही गेले नव्हते, हे माझ्या लक्षात येत होतं, आणि ते मला आवडत नव्हतं.

दुपारी बाबांना माणूस सापडला. महाराष्ट्र समाजाच्या गणपतीतल्या कुणीतरी नंबर दिला: हवालदार मुकेश शेळके, साताऱ्याकडचे, मुनस्यारीला पोस्टिंग. बाबांनी फोन स्पीकरवर टाकला.

"नमस्कार काका! मुनस्यारीला होतो की, दोन हिवाळे काढले. आता इथेच, झाशीजवळ बबीन्याच्या छावणीत आहे. गणपतीच्या आधीच बदली झाली."

आई पोछा हातात धरून हसायला लागली. "सापडला ना आपला माणूस? अगदी उंबऱ्याशी!"

बाबा हसले नाहीत. "चल," ते मला म्हणाले. "स्कूटर काढतो. निदान माहिती तरी मिळेल."

बबीन्याच्या क्वार्टरमध्ये शेळक्यांच्या बायकोनं, माधवीवहिनींनी, भडंग पुढे ठेवलं. बाबांनी एक दाणाही उचलला नाही. जीप कुठून सुटते, रस्ता कुठे खचतो, उतरायचं कुठे, वेळ पडली तर फोन कुणाला करायचा, असे प्रश्न त्यांनी ओळीनं विचारले.

शेळके कान खाजवत बसले. "काका, खरं सांगू का? मला काहीच माहीत नाही. ट्रकमधून गेलो, ट्रकमधून आलो."

"बाजारात तरी गेला असाल."

"कुठले जातात!" माधवीवहिनी म्हणाल्या. "तिकडचा राजमा म्हणे एवढा नावाजलेला. ह्यांनी मूठभर आणला नाही."

"ड्युटी होती गं."

"दोन वर्षं चोवीस तास?"

शेळके माझ्याकडे वळले. "ताई, तुमचा विषय झाडंच ना? आमच्या पोस्टसमोर, नदीपलीकडे एक उतार होता. पाऊस संपला की लाल व्हायचा. हळूहळू नाही, आठवड्याभरात पुरा लाल. मी रोज बघायचो. काय असतं ते?"

मी विचारलं, उतारावर पायऱ्यांसारखी शेतं होती का? नंतर लाल जागा उघडी पडायची का? वर होता की नदीच्या काठाला? त्यांना सगळं बारीक आठवत होतं. दगडफूल नव्हतं, ते ऋतूबरोबर असा रंग बदलत नाही. "कुट्टू असेल," मी म्हटलं. "उपासाला आपण ज्याचं पीठ आणतो ना, ते. त्याची ताटं पिकताना लाल होतात. पण इथे बसून नक्की नाही सांगता येणार."

"तिथे कुणाला विचारलं नाहीत?" बाबांनी विचारलं.

"कुणाला विचारणार काका? ओळखीचं कुणी नव्हतंच तिथे."

माधवीवहिनींनी चहा आणला. बाबांनी कप घेतला आणि तसाच हातात धरून ठेवला. त्यानंतर त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.

परतताना आतल्या रस्त्यानं आलो आणि फाटक बंद मिळालं. मालगाडी येत होती. एरवी बाबा इंजिन दिसलं की नंबर वाचतात. आज हँडलकडे बघत होते. ऊन उतरत होतं. मी मागच्या सीटवर फोन काढला, 'येते आहे' एवढंच लिहिलं आणि पाठवलं.

"बाबा, मी होकार कळवला."

डबे खडखडत जात राहिले. बाबांनी मान वळवली नाही.

"विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर तुम्ही अजून कुणीतरी शोधला असता."

"शोधलाच असता," ते म्हणाले.

शेवटचा डबा गेला. फाटक वर झालं, मागून ट्रॅक्टरवाला ओरडला, "अरे चाचा, बढ़ाओ!" बाबा जागचे हलले नाहीत.

"काठगोदामपर्यंत तरी सांगू दे," ते म्हणाले.

"सांगा. पण डबा नको."

"डबा तर येणारच. यज्ञेश्वर ऐकणार नाही."

"बरं. पण त्याच्या पुढे कुणाला फोन करायचा नाही. पुढचं मी कळवीन. रेंज मिळेल तेव्हा."

कंट्रोलमध्ये फोनवर आलेला निरोप जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा असतो, म्हणजे समोरच्यानं ऐकला हे पक्कं होतं. बाबांनी किक मारली.

"पुढचं तू कळवशील," ते म्हणाले. "रेंज मिळेल तेव्हा."