तिप्पट उंची

काळ्या प्लास्टिकच्या त्या चष्म्याची एक दांडी सैल होती, कानामागे नीट बसत नव्हती, आणि बाबांना तो स्वतःच्या चष्म्यावरून चढवावा लागणार — म्हणजे नाकावर दोन दोन चष्मे. तिने तो रुमालाने पुसला, उजेडाकडे धरून पाहिला, पुन्हा पुसला. काचा केव्हाच स्वच्छ झाल्या होत्या. हात रिकामा राहिला की मन खायला उठतं, म्हणून ती पुसत होती.

समोर भिंतीएवढ्या पडद्यावर सगळं खोरं पसरलेलं. हिरवी ती झाडी, तपकिरी ती उघडी पडलेली जमीन, आणि एक कळ दाबली की वरची माती पारदर्शक होऊन खालचे पाण्याचे थर निळे दिसायला लागत. तिचं कामच ते — कुठे विहीर घेतली तर पाणी लागेल, कुठला उतार धुऊन चाललाय, कुठलं जंगल विरळ झालंय... आकड्यांचे ढीग घ्यायचे आणि डोळ्यांना दिसेल, हा चष्मा लावला तर अंगावर येईल अशी जमीन उभी करायची. ऑफिसात तिला डोंगरवाली म्हणत. आणि या खोऱ्याच्या कडेला, ज्याच्याशी ऑफिसात कुणालाच काही देणंघेणं नव्हतं अशा कोपऱ्यात, बाबांचा डोंगर होता.

बाबा शिंपी. जन्मभर मशीनवर वाकून बसलेला माणूस, त्याला पराक्रम गाजवायला सवड कुठली? पण ती अगदी लहान असताना, तापाने फणफणलेली, पूल खचल्यामुळे गाड्या बंद आणि डॉक्टर पलीकडच्या गावात — तेव्हा भर दुपारी तिला पाठीवर घेऊन बाबांनी तो डोंगर ओलांडला होता. ही त्यांची ठेवणीतली गोष्ट. गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेता घेता ती सुरू व्हायची, बाहीपर्यंत डोंगराचा पायथा यायचा, आणि दर खेपेला चढ थोडा वाढलेला असायचा. बाबांचा डोंगर अजून वाढीला लागलाय, असं दादा म्हणायचा, आणि त्यावर सगळ्यांत मोठ्याने बाबाच हसायचे. तेव्हा हसायचे...

गेल्या आजारपणापासून त्यांचं काहीबाही निसटायला लागलं. नातीला ते आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारत, चहा घेऊन झाल्यावर चहा मागत. घरातलं प्रत्येक जण त्यांची चूक सुधारी — प्रेमानेच, पण सुधारी. तीही. मग ते बोलता बोलता मध्येच थांबायला लागले, दादाच्या तोंडाकडे बघायला लागले : बरोबर ना? गेल्या आठवड्यात व्यायाम करून घेणाऱ्या बाईंना ती गोष्ट सांगायला घेतली आणि पायथ्याशीच गप्प झाले. नंतर स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारलं — डोंगर होता ना गं? का तोही मीच...? तुझ्या त्या मशीनमध्ये दिसतं म्हणतेस ना सगळं, मला एकदा दाखव. एवढा डोंगर गेला असता तर बाबांनी स्वतःवरचा विश्वासच टाकला असता, आणि मग ते बोलायचेच थांबले असते, हे तिला तिथेच, ओट्यापाशी, लख्ख कळलं होतं.

डोंगर होता. पण तिच्या धंद्यात जमिनीची उंची तिप्पट करून दाखवतात. जमीन एवढी पसरट असते की खरी उंची दाखवली तर उतार कळतच नाहीत, सगळं अंथरलेल्या चादरीसारखं दिसतं. म्हणून तिप्पट करायची, आणि तसं खाली कोपऱ्यात न चुकता लिहायचं. तिने दुसऱ्याच दिवशी आकडा एकवर आणून पाहिलं होतं. डोंगर बसला. उशीवर चादर ओढावी एवढासा फुगवटा उरला. आज सकाळी तिने उंची पुन्हा तिप्पट केली आणि कोपऱ्यातली ती ओळ पुसून टाकली. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं कधी केलं नव्हतं... बापासाठी एवढं चालतं, ती स्वतःला म्हणाली. पटलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत दादा बाबांना दारात सोडून औषधं आणायला गेला. तिने त्यांना खुर्चीत बसवलं, चष्मा चढवला, सैल दांडी बोटाने कानामागे दाबून धरली. डोंगर उठून त्यांच्या अंगावर आला. बाबांनी हवेत हात पुढे केला, कापडाचा पोत बघावा तसा, आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की तिचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी चष्मा काढला. पडद्याकडे नाही, तिच्याकडे पाहिलं — एक खांदा उतरलेल्या गिऱ्हाइकाकडे बघत तसं, सगळं ओळखून आणि काहीच न दाखवता.

"हे असंच आहे ना? माझ्यासाठी म्हणून काही केलं नाहीस ना?"

राईचा पर्वत करण्यात बाप एक, लेक दुसरी... तिला खोटं बोलता येईना.

"तिप्पट केलंय, बाबा."

"मग खरा दाखव."

तिने दाखवला. बाबा बराच वेळ बघत राहिले. "म्हणजे दादा म्हणतो तेच खरं," एवढंच म्हणाले, राग नाही, काही नाही, आणि हात मांडीवर ठेवून बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. तिला रडू यायला लागलं — त्यांचं नाही, त्या पडद्याचंच, आपण सगळे खोरं नेहमी वरून बघतो याचं, घारीसारखे वरून... बाबा कुठे वरून गेले होते?

तिने माउस ओढून घेतला आणि नजर खाली आणली, आणखी खाली, झाडीच्या रंगातून पार पायथ्याला. इतकं खाली कुणी येत नाही, जमिनीलगत चित्र फुटतं, नुसते मळकट चौकोन दिसतात. तिने नजर माणसाच्या उंचीवर थांबवली आणि वर वळवली. डोंगर उभा होता. पडदाभर, आभाळाची एक चिंधी तेवढी वर ठेवून.

"हा?"

"हाच. काहीसुद्धा वाढवलेलं नाही. तुम्ही उभे होतात तिथून."

बाबांनी आपणहून चष्मा चढवला. "चल," म्हणाले.

ती कळ दाबून एकेक पाऊल पुढे नेऊ लागली. बाबा खुर्चीत पुढे झुकले, श्वास जड झाला, आणि त्यांचा एक हात सावकाश मागे गेला, पाठीशी, तळवा वर, आणि तिथे हवेत काहीतरी सावरून धरू लागला... मी. ती मी आहे. मला डोंगर कधी आठवलाच नाही, आठवतो तो घामाने भिजलेला सदरा आणि गालाखाली हलणारं पाठीचं हाड. आणि इतके दिवस मला वाटत होतं, मीच बाबांना सांभाळतेय.

चढ अजून बराच होता. त्यांना धाप लागलीशी वाटून तिने कळ सोडली.

"जरा थांबायचं का, बाबा?"

"हळू बोल," ते म्हणाले. "आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा."

तिच्या ओठांवर आलं होतं — बाबा, मी इथे आहे, ही बघा. ते तिने तसंच राहू दिलं. यात सुधारण्यासारखं काय आहे, तेच तिला कळेना. ती कुजबुजत म्हणाली, "बरं," आणि आवाज होणार नाही अशा बेताने कळ दाबली.