महांतेशच्या हातात टाळ

सोमवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, परिपाठाच्या प्रार्थनेचं दुसरं कडवं चालू असताना, महांतेशचा आवाज फुटला. माईक चालू होता. येडशीच्या त्या हायस्कुलात परिपाठाला सगळी शाळा पटांगणात उभी असते, त्यामुळं पाचवीच्या पोरांपासून शिपायापर्यंत सगळ्यांनी तो ऐकला. वर चढता चढता सूर मधेच चिरफाळला, आतून एक घोगरा, परका आवाज बाहेर पडला आणि उडी मारून पुन्हा नाहीसा झाला. आधी सातवीची रांग हसली, मग सगळं पटांगण. पेटीवर बसलेल्या शिवकांता मॅडमनी भाता थांबवला नाही. मागच्या मुलींनी ओळ उचलून धरली आणि प्रार्थना कशीबशी काठाला लागली.

महांतेश नववीत होता. पाचवीपासून प्रार्थनेची पहिली ओळ त्याचीच. गणितात तो काठावर पास व्हायचा, कबड्डीत पहिल्या धरपकडीत बाद व्हायचा, पण गळा असा होता की गावातली माणसं त्याला नावापेक्षा ‘गाणारा’ म्हणूनच ओळखायची. पंधरा दिवसांवर धाराशिवला समूहगीताची जिल्हास्पर्धा होती. शाळेत संगीत शिक्षकाचं पदच नव्हतं. गणिताच्या शिवकांता मॅडम हौसेनं गाणं बसवायच्या. या वर्षी त्यांनी गोंधळाच्या चालीवरचं गीत निवडलं होतं. एकानं पुढं उभं राहून उंच सुरात ओळ टाकायची, बाकीच्यांनी मागं झील धरायची, म्हणजे तीच ओळ खाली उतरवत संपवायची. पुढची जागा महांतेशची होती. ती जाणार की राहणार, एवढाच प्रश्न आता त्याच्या डोक्यात होता.

रविवारी रामलिंगच्या देवळाला गेल्यावर खाल्लेल्या बोरांवर त्यानं खापर फोडलं. आजीनं ज्येष्ठमधाची काडी दिली, आईनं हळदीचं दूध. ढोलकीवर बसणारा नंदीश त्याच्याच बाकावरचा. त्याचं निदान वेगळं होतं.

“बोरं न्हायत रे. तुज्या गळ्यात रेडकू शिरलंय. आता त्याला रोज पेंड चार.”

तालमीत महांतेशनं एक युक्ती काढली. उंच जागा जवळ आली की तो गाणं थांबवून मागच्यांना हातानं इशारा करायचा, जणू सगळ्यांना उठवतोय. मागून सृष्टी ती जागा घ्यायची. ती त्याच्याच वर्गातली, आवाजानं बारीक पण सुराला चोख. दोन दिवस हे खपलं. तिसऱ्या दिवशी सृष्टीनं ओळ म्हटली आणि रांगेतून बाहेर आली.

“ती जागा मीच घेतीय तर मला पुढं उभं राहू दे की,” ती म्हणाली. “चोरावानी मागनं कशाला म्हणू?”

मॅडमना पहिल्या दिवसापासून कळलं होतं. त्या फक्त थांबल्या होत्या. त्यांनी महांतेशला एकट्याला ती ओळ म्हणायला लावली. दोनदा म्हणाला, दोन्ही वेळा आवाज फुटला. मॅडमनी कपाट उघडून टाळांची जोडी काढली आणि त्याच्या हातात दिली. सध्या हे धर, ठेका तुझा पक्का आहे, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात माया होती, पण महांतेशला शाळेचा दाखला हातात ठेवल्यासारखं वाटलं. सृष्टी पुढं जाऊन उभी राहिली. तिला त्याच्याकडं बघवत नव्हतं.

सराव करायचा म्हणून तो टाळ घरी घेऊन गेला. बंडप्पांचं, त्याच्या वडिलांचं, स्टेशनच्या रस्त्याला किराणा दुकान होतं. पोराच्या हातातले टाळ बघून तूरडाळ जोखणारा त्यांचा हात थांबला. कुणी दिले, असं त्यांनी विचारलं. महांतेशनं सगळं सांगून टाकलं. बंडप्पांनी आधी गिऱ्हाईकाची डाळ बांधून दिली.

मग त्यांनी जे सांगितलं, ते महांतेशनं कधी ऐकलं नव्हतं. आपले वडील दर सोमवारी मठातल्या शिवभजनात टाळ वाजवतात, एवढंच त्याला ठाऊक होतं. लहानपणी बंडप्पा त्याच भजनात गायचे, तेही पुढं बसून. तेराव्या वर्षी आवाज फुटला. भजन सांगणाऱ्या श्रीमंतअप्पांनी त्यांच्या हातात टाळ दिले आणि ‘तवर हे वाजीव’ म्हणाले. त्या मठात रीतच तशी. आवाज फुटला की पोराला मागं सरकवायचं आणि टाळ द्यायचे.

“तवर म्हंजी कवर, त्ये त्यांनी सांगितलं न्हाय,” बंडप्पा म्हणाले, “अन् म्या बी इचारलं न्हाय.”

“मग तुमचा आवाज परत आलाच न्हाय का, पप्पा?”

“आला आसल. कुणाला ठावं.”

दुसरं गिऱ्हाईक आलं. त्याला साबण देता देता, पोराकडं न बघता, बंडप्पा म्हणाले, “तू इचार. टाळ वाजीव, न्हाय म्हणू नगं. पर कवर वाजवायचा, त्ये इचार.”

दुसऱ्या दिवशी परिपाठाआधी महांतेश प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला. पेटी तिथंच ठेवलेली असायची. त्यानं विचारलं.

“मॅडम, टाळ कुठवर वाजवायचे?”

मॅडमना वाटलं, गाण्यातल्या जागेविषयी विचारतोय. मग त्याचा चेहरा बघितला आणि त्यांना प्रश्न कळला. फळ्यावर कुठलंही गणित अर्धवट न सोडणाऱ्या त्या बाईंनी, मला माहीत नाही, असं सरळ सांगितलं. दुपारी त्यांनी आपल्या जुन्या गायनशिक्षकांना फोन लावला. ते म्हणाले, कुणाचा आवाज तीन महिन्यांत स्थिरावतो, कुणाला वर्ष लागतं. गळा ओढायचा नाही, पण त्याला कुलूपही लावायचं नाही.

तेव्हापासून रोज सकाळी प्रयोगशाळेत दोघांचं एक काम सुरू झालं. मॅडम पेटीची एक पट्टी दाबायच्या, महांतेश ‘आ’ लावायचा. जिथं आवाज डगमगला तिथं त्या थांबायच्या, पुढं रेटायच्या नाहीत. सुरुवातीला हातात आले जेमतेम पाच सूर, तेही सगळे खालचे. महांतेशला त्यांचं काय करायचं ते कळेना. खाली गाणं म्हणजे त्याच्या मते गाणंच नव्हतं.

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात झिलीचं शेपूट बसेना. ते खालच्या पंचमापर्यंत उतरत होतं आणि तिथं मुलींचे आवाज नुसता वारा होऊन जायचे. मॅडमनी महांतेशला टाळ न थांबवता तेवढंच म्हणायला सांगितलं. तो बिचकत म्हणाला. खालचा सूर घट्ट उभा राहिला आणि मुलींचे आवाज त्याच्यावर टेकले. नंदीशचा हात ढोलकीवरच राहिला.

“मॅडम, रेडकू कामाला लागलं की,” तो म्हणाला.

मॅडम हसल्या. महांतेशही हसला, पण सृष्टीनं वरची ओळ टाकली की त्याचा गळा आतल्या आत तीच ओळ म्हणत राहायचा. त्या दिवशीही म्हणाला.

धाराशिवच्या सभागृहात त्यांचा क्रमांक जेवणानंतर आला. सृष्टी घाबरली की ठरल्यापेक्षा आधी सुरू करायची, हे महांतेशला पक्कं माहीत होतं. पडदा उघडण्याआधी त्यानं तिला सांगितलं, की माझा तिसरा ठोका ऐक, त्याच्याआधी तोंड उघडू नको. तिनं मान हलवली. तिसऱ्या ठोक्याला तिचा सूर सुटला, अगदी जागेवर. पहिल्या कडव्यात उंच जागा आली तेव्हा सवयीनं त्याचं तोंड उघडलं होतं. त्यानं ते मिटलं. झील खाली आली आणि शेवटच्या पंचमाला त्यानं आवाज मोकळा सोडला. तो फुटला नाही.

त्यांचा दुसरा नंबर आला. पहिले दोन संघ लातूरच्या विभागीय फेरीला जाणार आहेत. परतीच्या एसटीत नंदीशनं सीटच्या पाठीवर सगळ्या वाटेनं ठेका धरला आणि कंडक्टरनं दोनदा दटावलं.

लातूरची फेरी पुढच्या महिन्यात आहे. पुढं सृष्टीच उभी राहील, हे ठरलंय. महांतेशनंही ते मान्य केलं. मात्र दुसरं कडवं मला द्याल का, असं त्यानं स्वतःहून विचारलं. ते कडवं मधल्या सुरांत आहे. बघू, असं मॅडम म्हणाल्या. घरी बंडप्पा रोज रात्री ताटावर बसताना एकच विचारतात, आज कुठवर गेलास. पाच सुरांचे सात झालेत.

आज सकाळी तो मध्यमापर्यंत नीट चढला. त्याच्या पुढच्या, मधल्या सप्तकातल्या पंचमाला आवाज एकदा टिकला आणि एकदा सटकला. दुसऱ्या कडव्याला तोच पंचम लागतो. मॅडमनी अजून काही ठरवलेलं नाही.