दीड किलोमीटरची गाडी

ग्लेनिस पॅस्कोने बॉनेटवर हाताची मागची बाजू टेकवली आणि तशीच ठेवली. पत्रा कोमट होता.

"क्लॅरी," ती म्हणाली, "फोनवर मी काय सांगितलं होतं?"

"नऊला येते म्हणालीस. नऊ वाजलेत."

"आणि?"

"आणि तोवर गाडी चालू करू नका म्हणालीस." क्लॅरी ट्रेझाइज ओट्यावरच्या खुर्चीतून उठला नाही. एक्याऐंशी वर्षांचा माणूस, पण शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. "नाही केली मी चालू."

"मग ही गरम कशी?"

"ऊन पडलं असेल."

गाडी पत्र्याच्या शेडमध्ये होती. तिथे ऊन दुपारी दोननंतर यायचं. ग्लेनिसने वहीत वेळ लिहिली, आणि वेळेच्या पुढे लिहिलं: इंजिन गरम.

बारा वर्षं ती लोकांसाठी जुन्या गाड्या तपासत होती. त्याआधी बावीस वर्षं काडिनाच्या वर्कशॉपमध्ये कापणीयंत्रांची डिझेल इंजिनं दुरुस्त केली होती. पाठ कामातून गेली तेव्हा वर्कशॉप सुटलं आणि तिने एक व्हॅन घेतली. आता विकणारा एकीकडे, घेणारा एकीकडे आणि मध्ये ग्लेनिस. वॉलरू गावात तिला मागून 'सौदेमोडी' म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. डिझेल गाडी थंड असताना चालू केली की तिची सगळी दुखणी बोलतात: खडखड होते, पांढरा धूर येतो, चालू व्हायला वेळ लागतो. आधीच गरम करून ठेवली की गप्प बसतात. बारा वर्षांत तिला त्रेचाळीस बॉनेटं गरम सापडली होती. तिने मोजली होती. प्रत्येकाच्या मालकाला काहीतरी लपवायचं होतं.

पण क्लॅरी ट्रेझाइज? तीस वर्षं हा माणूस धान्याच्या कोठारांवर वजनकाट्याला होता. सख्ख्या मेव्हण्याच्या ट्रकमधले वीस किलो त्याने कधी सोडले नव्हते. तो खोटं बोलतोय हे तिला पटेना, आणि बॉनेट गरम होतं हेही खोटं नव्हतं. दोन्ही खरं असेल तर कसं, हा प्रश्न तिला सौद्यापेक्षा जास्त छळू लागला.

"काही गडबड आहे का?" गाडी घ्यायला आलेल्या लोआता नाइवालूने विचारलं. ती वॉलरूच्या हॉस्पिटलात नर्स होती. रात्रपाळी करून तशीच आली होती, युनिफॉर्मवर स्वेटर चढवून. सोमवारपासून तिला मेटलंडच्या हॉस्पिटलात वरची जागा मिळणार होती. पंचेचाळीस किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं. घरी तीन मुलं, नवरा, फिजीहून आलेली सासू, आणि अंगणात कायमची बंद पडलेली जुनी गाडी. सोमवारी पोचली नाही तर ती जागा दुसरीला जाणार होती.

"अजून माहीत नाही," ग्लेनिस म्हणाली.

"नऊ वर्षांत फक्त अठ्ठावीस हजार किलोमीटर चाललीय. आमच्या चर्चमधले सगळे म्हणतात, अशी गाडी हातची जाऊ देऊ नको."

"चर्चमध्ये डिझेलवाले किती आहेत?"

"एक पास्टर. त्यांची स्कूटर आहे."

"बरं. तर तो आकडाच मला आवडलेला नाही."

लोआता हसली, पण ग्लेनिस हसत नव्हती हे पाहून थांबली.

आत सगळं लख्ख होतं. सात सीटा, मागच्या तीन तर कधी उघडल्याच नव्हत्या, त्यांवरचं प्लॅस्टिक तसंच. ड्रायव्हरच्या बाजूचा हीटर बंद. शेजारच्या सीटच्या बाजूचा मात्र शेवटपर्यंत फिरवलेला, अठ्ठावीसवर. एप्रिलचा महिना होता, बाहेर सकाळीच पंचवीस अंश होते. ग्लेनिसने तेही वहीत लिहिलं. याचा गाडीच्या तब्येतीशी संबंध नव्हता. पण न लिहिता तिला पुढे जाता येत नसे.

मग तिने तेल मोजायची पट्टी बाहेर काढली, पुसली, परत घातली, काढली. तेल वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं.

"भरपूर आहे ना?" क्लॅरी ओट्यावरून म्हणाला. "माझा बाप सांगायचा, तेल कधी कमी पडू देऊ नये."

"तुम्ही वरून घातलंत?"

"थेंबसुद्धा नाही. कमीच होत नाही. चांगली गाडी आहे."

ग्लेनिसने पट्टी नाकाशी नेली, मग लोआतापुढे धरली. "वास घे."

"पेट्रोल पंपासारखा येतोय."

"तेल वाढत नसतं. यात डिझेल उतरलंय."

तिने स्कॅनर जोडला. गाडीची स्वतःची एक स्मृती असते आणि ती कुणाची भीड ठेवत नाही. डिझेलच्या धुरातली काजळी अडवायला एक गाळणी बसवलेली असते. ती भरत आली की गाडी धूर तापवते आणि काजळी जाळून टाकते. त्यासाठी तिला वीसेक मिनिटं सलग, वेगात पळावं लागतं. मध्येच किल्ली फिरवून बंद केली तर काजळी आहे तिथेच राहते, आणि ती जाळायला सोडलेलं जास्तीचं डिझेल खाली तेलात जाऊन मिसळतं. पडद्यावर आकडे आले. गाळणी अठ्ठ्याहत्तर टक्के भरलेली. जाळायचे प्रयत्न तीनशे अकरा. पुरे झालेले चौदा.

त्याखालचे आकडे तिने दोनदा वाचले. मग वहीच्या कोपऱ्यात भागाकार केला. एका खेपेचं अंतर सरासरी दीड किलोमीटर. आणि प्रत्येक खेपेआधी दहा-अकरा मिनिटं इंजिन जागच्या जागी चालू.

शेवटची नोंद आजचीच होती. सकाळी सात वाजून दोन मिनिटं. अंतर शून्य.

ती ओट्याच्या पायरीवर जाऊन बसली.

"क्लॅरी, सात वाजता तुम्ही काय करता?"

"चहा."

"चहाच्या आधी?"

तो बोलायला गेला आणि थांबला. शेडकडे पाहिलं, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे. त्या हातानेच परस्पर काहीतरी केलं असावं तसं.

"केली असेन," तो हळू म्हणाला. "देवाशपथ, मला आठवत नाही. पण केली असेन."

"रोज करता?"

"नेरिडासाठी." नेरिडा त्याची बायको. फेब्रुवारीत गेली, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. "चार वर्षं म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये होती. सकाळी जाऊन मी तिला बंदराच्या धक्क्यापर्यंत न्यायचो. समुद्र बघायचा, परत यायचं. तिला थंडी सोसायची नाही, हाडांत जायची. थंड गाडीत बसवलं की दिवसभर बोलायची नाही माझ्याशी. म्हणून दहा मिनिटं आधी चालू करून ठेवायचो. तिथे पोचेपर्यंत तिची सीट भाकरीसारखी गरम."

"नर्सिंग होम दीड किलोमीटर," ग्लेनिस म्हणाली.

"एक पूर्णांक सहा. काट्यावरचा माणूस आहे मी."

लोआता शेडच्या दाराशी उभी होती. ती नेरिडाला ओळखत असावी, कारण तिने मान खाली घातली.

क्लॅरीने ग्लेनिसच्या वहीकडे बोट केलं. "आता सांग. मी केलं ना हे?"

ग्लेनिसला तिचा मावसभाऊ आठवला. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या गाडीबद्दल तिने एक वाक्य गिळलं होतं. विकणारी त्याची होणारी सासू होती, आणि सगळे जेवणाच्या टेबलावर बसले होते. तीन आठवड्यांनी पोर्ट वेकफील्डच्या रस्त्यावर इंजिन फुटलं. भाऊ वाचला, पण तिच्याशी बोलणं टाकलं. त्यानंतर तिने एकही वाक्य गिळलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "रोज गरम करून, दीड किलोमीटर चालवून. याने गाळणी तुंबली आणि तेल बिघडलं. रोज शंभर किलोमीटर पळवली असतीत तर ही गाडी आज जास्त धडधाकट असती."

"मला वाटलं मी जपतोय."

"गाडी जपली नाहीत. जिला जपायचं तिला जपलंत."

क्लॅरीने वरची गुंडी चाचपली. मग लोआताने व्यवहारी आवाजात विचारलं, "मेली का ती? गाडी?"

"तेच बघायचंय. गाळणी ऐंशीच्या वर गेली की गाडी स्वतः जाळायचं नाकारते, आपण अजून खाली आहोत. तेल आत्ता बदलते. मग हिला एक तास लांब पळवायची. आकडा उतरला तर गाडी तुझी, मेटलंडचा रस्ता हिला औषधासारखा लागेल. नाही उतरला तर नवी गाळणी लागेल. मग मी तुला सांगेन, घेऊ नकोस."

"आणि सोमवार?"

"सोमवार माझ्या वहीत येत नाही, लोआता."

"कळलं," लोआता म्हणाली, जरा कडू तोंडाने. "लोक तुम्हाला काय म्हणतात ते माहितीय मला."

"मलाही. चालवणार कोण? मला स्कॅनर बघायचाय, तू रात्रभर जागी आहेस."

दोघी क्लॅरीकडे बघू लागल्या.

"माझं लायसन्स शुक्रवारपर्यंत आहे," क्लॅरी म्हणाला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याला ते परत करायला सांगितलं होतं. "आज बुधवार."

"लांबचं दिसतं ना?"

"लांबचंच दिसतं. जवळचं दिसत नाही. मेन्यू वाचायला लावू नकोस म्हणजे झालं."

तेल बदलून होईतो अकरा वाजले. काळं, पातळ तेल डब्यात पाण्यासारखं पडत होतं आणि क्लॅरी खुर्ची ओढून तो डबा बघत बसला होता. मग तिघं निघाली. लोआता मागे बसली, काडिना यायच्या आत झोपलीसुद्धा. ग्लेनिस पुढे. हीटर तिच्या पायांवर भट्टीसारखा येत होता. तिने बटणाकडे हात नेला आणि काही कारण नसताना मागे घेतला.

"एक गिअर खालचा ठेवा. वेग शंभरच्या खाली आणू नका."

"शंभर? नेरिडाने मला ऐंशीच्या वर कधी जाऊ दिलं नाही."

"आज माझं ऐका."

दोन्ही बाजूंना कापून झालेली गव्हाची रानं होती, मध्येच पेरणीच्या ट्रॅक्टरची धूळ. कुल्पाराच्या चढावर इंजिनचा आवाज बदलला, जरा जड झाला. गाडीखालून तापलेल्या लोखंडाचा वास आला.

"काय जळतंय?" क्लॅरीने विचारलं.

"चार वर्षं. पाय काढू नका."

आकडा हलला. अठ्ठ्याहत्तर, चौऱ्याहत्तर. मग बराच वेळ चौऱ्याहत्तर. ग्लेनिसची नजर पडद्यावरून हटत नव्हती. पोर्ट वेकफील्डचा चौक दिसू लागला तेव्हा एकसष्ट. चौकाला वळसा घालून परत. कुल्पारा, अठ्ठेचाळीस. क्लॅरी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ताठ बसला होता. अधूनमधून तो डाव्या सीटकडे बघे, तिथे ग्लेनिस दिसली की परत रस्त्याकडे.

काडिनाच्या अलीकडे इंजिनचा आवाज पुन्हा हलका झाला.

"एकतीस," ती म्हणाली. "पुरं झालं. पंधरावं."

मागून लोआताचा आवाज आला, "मी जागी आहे." मग लगेच, "म्हणजे, आता झाले."

ग्लेनिसने अहवाल दोन पानी लिहिला. गाळणी आधी किती, नंतर किती. तेलात डिझेल होतं. हजार किलोमीटरवर तेल पुन्हा बदलावं. छोट्या फेऱ्या मारू नयेत. 'कारण' या रकान्यात तिने आधी 'अयोग्य वापर' लिहिलं, तो तिचा नेहमीचा शब्द होता. तो खोडून 'रोजची दीड किलोमीटरची खेप' असं लिहिलं. तेही खरंच होतं. आणि वहीतल्या गरम बॉनेटांच्या यादीत चव्वेचाळिसावं घालायला ती गेली, पण घातलं नाही.

शनिवारी लोआता सगळ्या कुटुंबासह गाडी न्यायला आली. ग्लेनिसचं तिथे काही काम नव्हतं. ती क्लॅरीला काडिनाहून आणलेल्या पेस्टीज, म्हणजे खिम्याच्या मोठ्या करंज्या, द्यायच्या निमित्ताने आली होती. बाहेर एकतीस अंश होते. मुलांनी मागच्या सीटांवरचं प्लॅस्टिक ओरबाडून काढलं. लोआताचा नवरा ड्रायव्हरच्या जागी बसला.

डाव्या बाजूचं दार क्लॅरीने स्वतः उघडून धरलं. गाडी शेडमधून बाहेर काढून त्याने आधीच चालू ठेवली होती. लोआताची सासू त्या सीटवर बसली. तिच्या कपाळावर लगेच घाम फुटला. नातवाने बटणाकडे हात लांबवला, तो तिने मागे सारला. तिला कुणी काय सांगितलं होतं कोण जाणे. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती सरळ बसली.

"गरम आहे ना?" क्लॅरीने खिडकीतून विचारलं.

"छान गरम आहे," ती म्हणाली.

त्याने दार हलक्या हाताने लावलं. गाडी धक्क्याच्या रस्त्याला लागली, कोठारांच्या सावलीतून गेली, आणि कोपऱ्यावर वळली. क्लॅरीला लांबचं दिसत असे, म्हणून त्याची नजर गाडीवरून हटावी अशा बेताने ग्लेनिसने पेस्टीची पिशवी त्याच्यापुढे केली. तो पिशवीत बघत असताना, पार तिकडे वळणापलीकडे, गाडीच्या चारही काचा एकदम खाली गेल्या.