घळीचे दोन काठ

लग्नानंतर चिमाची विजया झाली. रत्नागिरीला मांडवीच्या घरात सासूने ठेवलेलं हे नाव हळूहळू सगळ्यांच्या तोंडी बसलं. ते रेशनकार्डावर चढलं, नवऱ्याच्या पेन्शनच्या कागदांवर चढलं, आणि चिमा हे नाव तळेकोंडातच मागे राहिलं. तळेकोंड म्हणजे तिचं माहेर. देवरुखच्या पुढे, सह्याद्रीच्या पायथ्याशी. आईवडील गेले, भाऊ विरारला स्थायिक झाला, घराला कुलूप लागलं आणि त्या वाटेने जायला कारणच उरलं नाही. माहेरची ओढ सुटत नाही म्हणतात, ते खरं आहे. पण जाऊन कुणाच्या दारात उभं राहायचं, हाही प्रश्न असतोच.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत नातीने, वेदिकाने, तिच्यापुढे मोबाइल धरला. कुणीतरी काढलेला व्हिडिओ होता. दोन्ही बाजूंना काळेकभिन्न कडे, मधून खाली नदी, कड्याच्या तोंडाशी कठडे आणि कठड्यांपाशी फोटो काढणारी माणसं.

"आजी, हे तुझं गाव ना?" वेदिकाने विचारलं.

चिमाने चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. घळ तीच होती. माणसं मात्र तिथे कधी नसायची. गुरं चारणारी पोरं, जळणाला जाणाऱ्या बाया, एवढीच काय ती वर्दळ. आता तिथे निसर्ग उद्यान झालं होतं, शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागत होती. चिमाचा मुलगा हर्षद म्हणाला की एक दिवस काढून जाऊन येऊ. आईचे गुडघे लक्षात घेऊन त्याने हेही सांगून टाकलं की तिला गाडीत बसून राहायचं असलं तरी चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी चिमा सगळ्यांच्या आधी लुगडं नेसून ओटीवर येऊन बसली होती.

हातखंबा, संगमेश्वर, मग देवरुखचा फाटा. देवरुख मागे पडलं तशी चिमा खिडकीकडे सरकली. भातं कापून झाली होती, मळ्यांत नुसता खुंट उभा होता, आणि घराघरांपुढच्या खळ्यांत पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या होत्या. वेदिका काहीबाही विचारत होती, चिमा हं हं करत होती.

उद्यानाच्या दारात मोठा फलक होता आणि घळीतल्या सगळ्या जागांना नावं दिलेली होती. चिमाने ती वाचली आणि तिला हसू आलं. 'शिवलिंग सुळका' म्हणजे त्यांचा म्हातारा. कड्यापासून सुटून उभा राहिलेला तो उंच दगड. त्याची बायको धुणं घेऊन नदीवर गेली ती अजून आली नाही, आणि तो वाट बघत उभा आहे, असं चिमाची आजी सांगायची. पहिल्या कठड्यावरून खाली नदीच्या पात्रातले रांजणखळगे दिसत होते. पाण्याबरोबर गोटे गोल गोल फिरून कातळात खड्डे कसे पडतात, ते फलकावर नीट लिहिलं होतं. चिमाने वेदिकाला सांगितलं की आम्ही यांना भीमाची उखळं म्हणायचो. धुण्याला आल्यावर लहान उखळात चिंचा भिजत टाकायच्या, आणि धुणं संपेपर्यंत त्या कुणीतरी खाऊन टाकलेल्या असायच्या.

"कोण खायचं?" वेदिकाने विचारलं.

"यमुना," चिमा म्हणाली, आणि बऱ्याच वर्षांनी ते नाव तोंडात आल्यामुळे तिची तिलाच गंमत वाटली.

मग चालता चालता तिने नातीला यमुनेची गोष्ट सांगितली. यमुना तिच्या घरापासून तिसऱ्या घरातली. दोघींची शाळा एक, गुरं राखण्याचा डोंगर एक. यमुनेचं लग्न आधी झालं, आणि दिली ती घळीपलीकडे, वरच्या वाडीत. अंतर म्हणाल तर समोरासमोर. इकडच्या कड्यावरून तिकडच्या खळ्यात वाळत घातलेलं लुगडं दिसायचं. पण पावसाळ्यात लाकडी साकव वाहून गेला की तिथे पोचायला अर्धा दिवस वळसा घालावा लागे. शब्द पलीकडे पोचत नसत, पाण्याच्या आवाजात विरून जात. पोचे तो फक्त कुकारा, म्हणजे शब्दांवाचूनची लांब हाक. गुरं घरी वळवायच्या वेळेला चिमा कड्यावर येई आणि दोन आखूड, एक लांब असा कुकारा घाली. तिकडून यमुनेचा उलटा येई, आधी लांब, मग दोन आखूड. त्यात निरोप काहीच नसे. मी आहे, तूही आहेस, एवढंच.

एकदा कितीतरी दिवस उत्तर आलं नाही. चिमा रोज अंधार पडेपर्यंत कड्यावर थांबू लागली. मग एका संध्याकाळी, वारा पडलेला असताना, पलीकडून अगदी दमलेला कुकारा आला आणि त्याच्या मागोमाग तान्ह्या पोराचं बारीकसं रडणं. चिमा धावत घरी गेली आणि आईला म्हणाली की यमनी बाळंतीण झाली.

"आता कुठे असते ती?"

चिमाने सांगितलं की मुलाकडे नालासोपाऱ्याला गेल्याचं कुणाकडून तरी कळलं होतं. त्यालाही खूप वर्षं झाली. भावाबरोबर माहेरच्या घराला कुलूप लावायला ती आली होती, तेव्हा दुपारी मुद्दाम कड्यावर गेली होती. तीनदा कुकारा घातला. पलीकडून काही आलं नाही. तेव्हाच तिने मनाशी धरलं की यमुना गाव सोडून गेलेली दिसते.

बोलत बोलत त्या तिसऱ्या कठड्यापाशी आल्या. हीच ती जागा. आता तिथे 'इको पॉइंट' अशी पाटी होती आणि माणसांची झुंबड. कुणी आपलं नाव ओरडत होतं, कुणी बायकोचं, आणि कडा प्रत्येकाला त्याचं नाव परत देत होता. वेदिकाही ओरडली. मग ती आजीच्या मागे लागली की तू पण घाल ना तुझा तो कुकारा. हर्षद हळूच म्हणाला की आईला कशाला त्रास देतेस. खरं तर त्याला लाज वाटत होती, आणि चिमालाही. मांडवीच्या घरात तिचा आवाज कधी ओटीच्या बाहेर गेलेला नव्हता.

पण समोर ती वाडी होती. तेच खळं, आता कौलांऐवजी पत्रा, मागे तोच फणस. चिमाने पिशवी वेदिकाच्या हातात दिली, दोन्ही तळवे तोंडाभोवती धरले आणि कुकारा घातला. पहिला फाटला. बाजूची दोन पोरं हसली. तिने घसा खाकरला आणि दुसरा घातला. तो मात्र उठला तो सरळ घळीवरून गेला, कड्यावर आपटला आणि परत आला. पोरं हसायची थांबली. वेदिकाने टाळ्या वाजवल्या. चिमा पिशवी घ्यायला वळली.

आणि मग पलीकडून आवाज आला. आधी लांब, मग दोन आखूड.

हर्षद म्हणाला की अजून घुमतंय बघ. चिमाने नकारार्थी मान हलवली. तिने कठडा घट्ट धरला.

"घुमलं तर माझंच परत येईल ना रे," ती म्हणाली. "हे उलटं आहे."

वेदिकाने मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून पाहिलं. खळ्याच्या टोकाला, दगडी गडग्यापाशी, हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी उभी होती, हातात सूप तसंच धरलेलं.

नदीवर आता झुलता पूल झाला होता, पण तिथपर्यंत पायऱ्या उतरून जायचं होतं. हर्षदने गुडघ्यांची आठवण करून दिली. म्हणाला, गाडीने वळसा घालून जाऊ, तासाभरात पोचू. चिमा तोवर दोन पायऱ्या उतरली होती. मग त्याने पुढे होऊन तिला हात दिला. ती थांबत, बसत, लोखंडी कठड्याला धरत उतरली. पुलाच्या मध्यावर तिने एकदा खाली पाहिलं, नदी नेहमीच्या वाटेने चालली होती. पलीकडची चढण सुरू होते तिथे आंब्याच्या पारावर यमुना बसलेली होती. निम्म्या वाटेवर तिला दम लागला होता.

दोघींनी एकमेकींना नीट पाहून घेतलं. मिठ्या वगैरे मारायची सवय त्या पिढीला नाही. यमुनेने पदराने पाराचा दगड पुसला आणि शेजारी जागा केली.

"पयला फाटला तुझा," ती म्हणाली. "म्हटलं, चिमा नसनार. मग दुसरा आयकला. सुपातलं भात तसंच ऱ्हायलं."

चिमाने विचारलं की दिवसभर इतकी माणसं ओरडतात, त्यात तुला कसा ऐकू आला. यमुना म्हणाली की सुनेचं डोकं उठतं त्या ओरडण्याने, आपल्याला मात्र आताशा ते पावसासारखं झालंय, ऐकूच येत नाही. हा आला तेव्हा मात्र हात थांबला.

मग सगळं हळूहळू निघालं. नालासोपाऱ्याला यमुना गेली होती खरी, पण तिथे तिचा जीव रमला नाही. तिसऱ्या मजल्यावर चढायचं आणि भिंतीकडे बघत बसायचं. वर्षभरात परत आली, ती इथेच. धाकटा मुलगा आणि सून इथे असतात, शेती बघतात. चिमाने तिला कुलूप लावायला आले होते त्या दुपारची गोष्ट सांगितली.

"आयकला व्हता मी," यमुना म्हणाली. "तवा काशीरामला जाऊन चार-पाच दिवस झाले व्हते. घर मानसांनी भरलेलं. त्या घरात उभं ऱ्हाऊन कुकारा कसा घालू, सांग तूच. पदर तोंडात धरून बसलंय."

काशीराम यमुनेचा नवरा. तो केव्हा गेला हेही चिमाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिचा नवरा गेला ते यमुनेला ठाऊक नव्हतं. तिने यमुनेचा हात आपल्या हातात घेतला आणि ठेवला. हर्षद आणि वेदिका जरा लांब, पुलाच्या खांबाशी जाऊन उभे राहिले.

वर घरी पोचल्यावर यमुनेच्या सुनेने चहा केला, तांदळाची तळलेली बोरं पुढे ठेवली. जेवूनच जायचं ठरलं. जेवताना यमुनेने सहज विचारलं की घळीत काय काय बघितलंत. वेदिकाने सगळी नावं सांगितली. यमुना म्हणाली, म्हणजे देवाचं कोंड राहिलंच की.

चिमा जेवायची थांबली. घळीच्या अगदी मुळाशी, दोन कडे जिथे भिडतात तिथे, पाण्याचा एक डोह होता. शिमग्यात पालखीसाठी पाणी तिथून आणत, आणि ते आणायला फक्त पुरुष जात. बाईमाणसाची सावली पडली तर कोंड आटेल, असं सांगत. दोघींनी लहानपणी कितीदा वाट अर्ध्यात सोडून परत पळ काढला होता.

"आता पायऱ्या झाल्यात तिथवर," यमुना म्हणाली. "मुंबैच्या पोरी पान्यात पाय सोडून फोटो काढतात. कोंड हाय तसं हाय."

"मग तू जाऊन आलीस?"

"एकटी?" यमुना म्हणाली.

हर्षदने घड्याळ पाहिलं, आईकडे पाहिलं आणि गाडीची चावी खिशात टाकली.

उन्हं कलल्यावर त्या निघाल्या. यमुनेच्या हातात काठी होती, चिमाने वेदिकाचा खांदा धरला होता. वाट काठाकाठाने वर जात होती, पुढे घळ इतकी अरुंद झाली की दोन्हीकडचा कातळ हाताला लागावा. पाण्याचा आवाज आधी आला, मग गारवा, आणि शेवटची पायरी चढल्यावर कोंड दिसलं. मोठंसं काही नव्हतं. घरामागच्या विहिरीएवढंच असेल. वरून बारीक धार पडत होती, तळाचे गोटे स्वच्छ दिसत होते, आणि डोक्यावर आभाळाची एक निळी पट्टी. कडेला कुणीतरी वेफर्सची पिशवी टाकली होती, ती यमुनेने उचलून कमरेला खोचली.

दोघींनी वाकून पाण्यात पाहिलं. मग चिमा म्हणाली, "एवढंसंच गो?"

यमुना आधी हसू दाबत होती. मग दोघींनाही ते आवरेना. काठी टेकून, कातळाला पाठ लावून, डोळ्यांना पाणी येईपर्यंत त्या हसल्या. पन्नास वर्षं यमुना या पाण्याचा आवाज ऐकत झोपली होती. हसून झाल्यावर तिने चपला काढल्या, लुगडं घोट्यांवर घेतलं आणि पाय कोंडात सोडले. चिमाही बसली. पाणी हाडांपर्यंत गार होतं. धार पडत होती ती पडतच राहिली.

"आयशीला सांगायला हवं व्हतं," यमुना म्हणाली. चिमाच्याही मनात तेच आलं होतं. आपल्या आया, त्यांच्या सासवा, इथून हाकेच्या अंतरावर जन्म काढून गेल्या, आणि त्यांनी हे एवढंसं पाणी पाहिलं नाही.

अंधार पडायच्या आत हर्षदला निघायचं होतं. चिमा म्हणाली की तुम्ही दोघं जा, माझी औषधं पिशवीत आहेत. त्याने समजावून पाहिलं, मग सुनेचा फोन नंबर घेतला. वेदिकाने आजीला विचारलं की तू परत कशी येशील, आणि आजीने सांगितलं की सोमवारच्या एस.टी.ने.

ती आली ती गुरुवारी. पिशवीत नव्या तांदळाची पुरचुंडी होती, आणि पाय इतके भरून आले होते की दोन दिवस ती ओटीवरून खाली उतरली नाही.